फक्त भूतकाळ द्या

आप्पांनी भाषावर्गाच्या खिडकीतून आत मान घातली आणि सरळ मागणी नोंदवली. "स्पॅनिश द्या. सगळं नको. फक्त भूतकाळ द्या."

खिडकीपलीकडच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्या खिडकीत लोकांनी आजवर हप्ते मागितले होते, सवलत मागितली होती, पंख्याखालची जागा मागितली होती. सुटा काळ मागणारा माणूस त्यांच्या नशिबी पहिल्यांदाच आला होता.

"सुटा मिळत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या पातळीत नमस्कार-चमत्कार, घरातली माणसं, बाजारहाट आणि वर्तमानकाळ. दुसरीत दिशा, हवामान आणि दवाखाना. भूतकाळ तिसरीत. आणि पहिल्या दोन झाल्याशिवाय तिसरी नाही."

"हवामानाचं मी काय करू?" आप्पा म्हणाले. "खिडकी उघडली की कळतं."

आता आप्पांना हेकट म्हणणारे लोक आहेत, आणि ते सगळेच काही खोटं बोलत नाहीत. पण या मागणीमागे एका आख्ख्या नोकरीची शिस्त होती, तेवढं लक्षात घ्यायला हवं. आप्पा पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल होते. नळ, पाइप, वायसर आणि झडपा यांनी भरलेल्या एका लांबलचक खोलीचे धनी. त्या खोलीत एकच कायदा चालायचा, लागेल तेवढंच. कुणी वायसरचा डबा मागायला आलं की आप्पा विचारायचे, "गळतायत किती नळ?" आणि तेवढेच वायसर त्याच्या हातावर ठेवायचे. "असू देत की दोन जास्तीचे" असं कुणी म्हटलंच, तर त्याच्याकडे ते अशा नजरेने बघायचे की तो बिचारा घेतलेलेही परत ठेवून जायचा. निवृत्तीनंतर तोच कायदा घराला लागू झाला. बाजारातून बटाटे यायचे ते खाणारी तोंडं धरून, आणि अचानक पाहुणा टपकला तर त्याने नुसत्या रश्श्यावर भागवायचं. अशा माणसाने गरज एका काळाची असताना सबंध भाषा उचलून घरी आणायची म्हणजे शुद्ध नासाडी.

आणि गरज उपटली होती नातीमुळे. आप्पांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे नांदत होती. जावई स्पॅनिश बोलणारा, लेक दिवसभर कामावर, पोरगी अर्धा दिवस पाळणाघरात आणि अर्धा दिवस तिकडच्या आजोबांकडे. त्यामुळे तिच्या तोंडात स्पॅनिशच बसली होती. मराठी तिला आईच्या रागावण्यापुरती कळायची. रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. नात भडाभडा काहीतरी बोलायची, आप्पा "हो हो, वा वा" करायचे, आणि फोन आजीकडे जायचा. एका रविवारी मात्र पोरीने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आप्पांनी प्रत्येक वेळी "हो" म्हटलं. मग ती मांडी घालून बसली आणि टक लावून बघत राहिली. आप्पाही बघत राहिले. शेवटी पोरीने एक सुस्कारा टाकला, फोन सोफ्यावर उपडा केला आणि निघून गेली.

"काय विचारत होती गं ती?" आप्पांनी लेकीला विचारलं.

"तुम्हाला गोष्ट सांगता येते का म्हणून. तिकडचे आजोबा रोज संध्याकाळी सांगतात ना तिला. तुम्ही हो म्हणालात, मग ती ऐकायला बसली."

हे आप्पांच्या फार जिव्हारी लागलं. तिकडच्या आजोबांना त्यांनी लग्नातच काय ते पाहिलं होतं. पिळदार मिशा, गडगडाटी हसणं, आणि भेटेल त्याला मिठी मारायची खोड. त्या माणसाने रोज संध्याकाळी आपल्या नातीला मांडीवर घेऊन बसावं, आणि आपण मात्र सोफ्यावर उपडं पडावं, हे काही त्यांना सहन होईना. लेक आणि नात सुट्टीला यायच्या होत्या. त्याच्या आत आपल्या तोंडाने एक, निदान एक, धडधडीत गोष्ट नातीला सांगता आली पाहिजे, असं आप्पांनी मनाशी पक्कं केलं. आणि गोष्ट कुठल्या काळात असते? भूतकाळात. राजा जंगलात गेला, वाघ आला, राजाने वाघाला मारलं. उद्या जाईन, परवा बघू, असं म्हणत बसणाऱ्या राजाची गोष्ट कुणी ऐकलीय का? मग वर्तमान नको, भविष्य नको, जेवढं लागतं तेवढं द्या. हा सगळा हिशेब इतका चोख होता की आप्पांना त्यात चूक सापडली नाही, आणि ती पुढे बराच काळ सापडली नाही.

खिडकीतल्या बाईंनी त्यांना संचालकांकडे पाठवलं. संचालक म्हणाले, "सुटा काळ देण्याचा नियम नाही." आप्पा म्हणाले, "मग न देण्याचा नियम दाखवा." तोही नव्हता. नियम नाही म्हणून देता येत नाही आणि नियम नाही म्हणून नाकारता येत नाही, अशी दोघांची बराच वेळ खडाखडी चालली. त्यात चहा आला, संचालकांनी आप्पांना विचारला नाही, आप्पांनी मागितला नाही, आणि दोन्हीकडचा मान शाबूत राहिला. शेवटी केसात खडूचा तुकडा अडकलेली एक तरुण शिक्षिका कशावर तरी सही घ्यायला आत आली. तिने प्रकरण ऐकलं आणि म्हणाली, "बसू द्या ना त्यांना मागे. सोमवारपासून भूतकाळच घेतेय मी."

तिसऱ्या पातळीत आप्पा 'श्रोता' म्हणून बसले. म्हणजे बसले असं लगेच म्हणता येणार नाही. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून वर्गात खुर्ची नाही. खुर्ची वरच्या मजल्यावरून येणार, त्याला वेगळी चिठ्ठी लागणार, आणि चिठ्ठी देणारा रजेवर. बाकी कुणी चिडलं असतं. आप्पांना मात्र भरून आलं. जेवढी नावं तेवढ्याच खुर्च्या! इथला भांडारपाल आपल्या जातीचा दिसतो, असं म्हणत पहिला तास त्यांनी खुशीने उभ्याने काढला.

आणि तो तास त्यांच्या आयुष्यातला मोठा तास ठरला. शिक्षिकेने फळ्यावर तीन क्रियापदं लिहिली. बोलणे, खाणे, राहणे. मग प्रत्येकाचं शेपूट पुसलं आणि तिथे नवीन शेपूट जोडलं. आब्ले, मी बोललो. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. बाकीची मुलं परदेशी नोकरीला निघालेली, त्यांनी जांभया देत उतरवून घेतलं. आप्पांच्या अंगावर मात्र काटा आला. हे तर पाइप कापून कपलिंग बसवणं होतं! तेवढंच नाही. खाणे आणि राहणे या दोघांना एकाच मापाची कपलिंगं. कोमी, मी खाल्लं. कोमियो, त्याने खाल्लं. बिबियो, तो राहिला. आणि सगळ्यांत मोठी काटकसर म्हणजे तो बोलला आणि ती बोलली यांना एकच नग. आपल्याकडे वाघ आला आणि वाघीण आली म्हटलं की दोन निराळे नग काढावे लागतात. ही भाषा कुणीतरी स्टोअरमध्ये बसून केलीय, असं आप्पांचं तेव्हाच मत झालं.

"एक गोष्ट मात्र जपा," शिक्षिका म्हणाली. "जोर शेवटच्या अक्षरावर. आब्लोऽ. जोर आधीच्या अक्षरावर आला तर 'तो बोलला'च्या जागी 'मी बोलतो' होऊन बसेल."

म्हणजे वर्तमानकाळ. आप्पांनी न घेतलेला माल. नकळतही तो आपल्या तोंडून जाऊ नये म्हणून त्यांनी तिथल्या तिथे एक पद्धत बसवली. शेवटचं अक्षर आलं की मानेला खालून वर एक सणसणीत हिसका द्यायचा. आब्लोऽ, हिसका. कोमियोऽ, हिसका. पुढच्या बाकावरची मुलगी जरा दूर सरकून बसली.

पुढच्या आठवड्यात शिक्षिकेने जाहीर केलं, "आता अनियमित क्रियापदं." आप्पांनी पिशवी उचलली.

"कुठे निघालात, काका?"

"अनियमित मी नोकरीभर खपवून घेतलं नाही. आता या वयात घेऊ?"

"अहो काका, पण होता, गेला, आला, म्हणाला, दिलं, केलं हे सगळं अनियमितात येतं. झोपला, मेला हेसुद्धा. त्यांच्याशिवाय गोष्ट कशी सांगणार तुम्ही?"

"नियमात बसणारी माणसं सांगतात तशी," असं म्हणून आप्पा बाहेर पडले. हे वाक्य आपण फार छान टाकलं असं त्यांना घरापर्यंत वाटत होतं.

घरी सरावाला सुरुवात झाली. खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या एक बाई राहायच्या, त्यांनी सल्ला दिला की भाषा शिकायची तर घरातल्या वस्तूंवर कागद चिकटवावेत. पण लोक वस्तूंची नावं चिकटवतात, आप्पांकडे होती क्रियापदं. त्यामुळे दारावर 'उघडलं' सहा रूपांत लागलं, जिन्यावर 'चढलो', मोरीत 'धुतलं', ताटाच्या फडताळावर 'खाल्लं'. आरशावर 'रडलो' लागलं, कारण ते दुसरीकडे कुठे बसेना. आप्पांची बायको दाढी करणाऱ्या नवऱ्याच्या तोंडासमोर 'मी रडलो, तू रडलास' हे कागद बघून म्हणाली, "अहो, भिंती तरी सोडा. पाहुणे आले तर वाटेल या घरात काहीतरी भयंकर होऊन गेलंय."

त्याहून वाईट म्हणजे तिला ते सगळं यायला लागलं. आप्पा गॅलरीत येरझाऱ्या घालत घोकायचे, "कोमी, कोमिस्ते, कोमियो, कोमिमोस, कोमिएरोन," आणि आतून फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणायची, "कोमिस्तेइस राहिलं!" आप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि कोमिस्तेइस जरा जास्तच जोरात म्हणायचे.

समोरच्या गॅलरीत विमावाले राहायचे. या गृहस्थांना कुठल्याही विषयावर सल्ला नाही असं आजवर झालेलं नाही. "हातवारे पुरतात हो आप्पा," ते ओरडून सांगायचे. "आमचे मेव्हणे हातवाऱ्यांवर परदेशात बंगला घेऊन आले." आप्पा घोकतच असायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्यावर त्यांची मान वर जायची. विमावाल्यांचा त्यावरून गैरसमज होत गेला. एका सकाळी त्यांनी विचारलं, "मग ती म्हातारपणाची पॉलिसी करून टाकायची का?" हिसका. "वहिनींची पण?" हिसका. संध्याकाळी विमावाले कागदांची चळत, विमा कंपनीचा माणूस आणि शाईचा पॅड घेऊन दारात हजर. आप्पा नाही नाही म्हणून सांगू लागले, विमावाले सोसायटीभर सांगू लागले की आप्पा शब्दाला जागत नाहीत, आणि तीस-पस्तीस वर्षं एक वायसर इकडचा तिकडे न होऊ दिलेल्या माणसाला जिन्यात लोक खांद्यावर थोपटून "होतं असं कधी कधी" म्हणायला लागले. ही जखम फार ओली होती.

तिच्यावर मीठ म्हणून मान अडकली. 'ते पळाले'च्या हिसक्याला मानेत कट्ट असा आवाज आला आणि आप्पा आकाशाकडे बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "काही जड उचललंत का?" आप्पा म्हणाले, "क्रियापद." डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं नाही. त्यांनी मानेला हनुवटीपर्यंत येणारा पांढरा पट्टा बांधला आणि महिनाभर मान हलवायची नाही म्हणून बजावलं. नात आठवड्यावर आलेली.

विमानतळावर आप्पा त्या पट्ट्यात खांबासारखे ताठ उभे राहिले. पहिलं वाक्य त्यांनी घोटून ठेवलं होतं. येगास्ते, तू पोचलीस. नियमित, निर्दोष. नात आईचं बोट धरून बाहेर आली. आप्पांना खाली बघता येईना, म्हणून ते कमरेपासून आख्खेच्या आख्खे पुढे झुकले आणि त्या पट्ट्यातून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "येगास्ते!"

पोरगी किंचाळून आईच्या मागे लपली. आप्पांची बायको पुढे झाली आणि साध्या मराठीत म्हणाली, "ये गं माझी बाय ती. भूक लागलीय ना? चल, घरी जाऊन गरम गरम खाऊ." पोरगी तिच्या कडेवर गेली. त्यातला एक शब्दही तिला कळला नसणार. पण ती गेली, आणि आप्पांनी सामानाची ढकलगाडी धरली.

नंतरचे दिवस आप्पांना फार कठीण गेले. आजी आणि नात दिवसभर स्वयंपाकघरात. आजी मराठीत बोलायची, नात स्पॅनिशमध्ये, दोघी हसायच्या, शेंगा सोलायच्या, कणकेचे प्राणी करायच्या. व्याकरण नाही, काळ नाही, काही नाही. आप्पांनी इतकं खपून मिळवलेल्या भाषेला त्या घरात कुणी विचारीना. मग तेच अधूनमधून आत डोकवायचे आणि बोलणं काढायचे. पण बोलणं काढायचं कशाने? 'तू'ची रूपं होती तेवढी. त्यामुळे पट्ट्यातून आवाज यायचा, "कोमिस्ते?" खाल्लंस? "आब्रिस्ते?" उघडलंस? "योरास्ते?" रडलीस? "एस्कोन्दिस्ते?" लपवलंस? "रोम्पिस्ते?" फोडलंस?

पोरगी प्रत्येक प्रश्नाला मान जोरजोरात हलवून "नो" म्हणायची आणि आजीच्या पदराआड सरकायची.

"आप्पा," एका दुपारी लेक म्हणाली, "ती मला विचारतेय की हे आजोबा पोलीस आहेत का."

"असं का विचारते?"

"तुम्ही सारखी चौकशी करता ना. आणि गळ्यात तो पट्टा. तिला वाटतंय तुम्हाला कुठेतरी मार बसलाय आणि कुणी मारलं ते तुम्ही शोधताय." लेक हसू दाबत होती. "तुम्ही तिला काहीतरी साधं का नाही म्हणत? ये, बस, खेळू या?"

ये, बस, खेळू या. आप्पांनी मनातल्या मनात सगळी फडताळं उघडून बघितली. 'आलीस' अनियमित म्हणून घेतलंच नव्हतं, 'बसलीस' होतं, 'खेळलीस' होतं. पण ये आणि बस नव्हतं. ते पहिल्या पातळीत मिळत होतं, नमस्काराबरोबर, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने परत केलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा आप्पांना वाटलं, दोन जास्तीचे असायला हवे होते. ते गॅलरीत जाऊन बसले आणि विमावाल्यांकडे पाठ फिरवली.

दोन-चार दिवसांनी लेक आणि तिची आई कुणाकडे तरी जाऊन यायला बाहेर पडल्या. नात झोपली होती, म्हणून आप्पांना राखणीला ठेवलं. आप्पा पेपर वाचत होते, म्हणजे पट्ट्यामुळे डोळ्यांसमोर उंच धरून बघत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात खळ्ळकन आवाज झाला.

आत फरशीवर काचेचा मोठा जार फुटून पडला होता. बायकोच्या आईचा, लग्नात मिळालेला, वर्षानुवर्षं सांभाळलेला. ओट्याला लावलेल्या स्टुलावर नात उभी होती, हात तसाच हवेत. आप्पांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला. पोलीस आले होते, आणि या वेळी खरंच काहीतरी फुटलं होतं.

आप्पांच्या तोंडावर नेहमीचा प्रश्न आला, आणि तो त्यांनी गिळला. पोरीचे ओठ थरथरायला लागले होते. काय म्हणायचं आता? रडू नकोस, हे नव्हतं. असू दे, नव्हतं. लागलं तर नाही ना, नव्हतं. इतक्या सगळ्या पाठ केलेल्या माळेत त्या लेकराच्या उपयोगाचा एकही मणी नाही, या विचाराने त्यांना घाम फुटला. त्यांनी सवयीने पहिल्यापासून सुरुवात केली, मी, तू, तो, आणि पहिल्यावरच थांबले.

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "रोम्पी," ते म्हणाले. मी फोडला.

पोरीला वाटलं आजोबा चुकले. तिने मान हलवली.

"रोम्पी," आप्पा पुन्हा म्हणाले, जोर बरोबर शेवटच्या अक्षरावर, मानेत कळ आली तरी. त्यांनी तिला स्टुलावरून उचलून बाहेर नेलं, खुर्चीवर बसवलं आणि काचा गोळा करायला लागले. तेवढ्यात दार उघडलं. बायकोने आत पाऊल टाकलं, जार बघितला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आप्पा म्हणाले, "माझ्या हातून फुटला."

नंतर जे झालं ते आप्पांनी ताठ मानेने ऐकून घेतलं, दुसरा इलाजही नव्हता. बायकोच्या माहेरापासून सुरुवात झाली, मग धांदरटपणा, मग हे स्पॅनिशचं खूळ, मग विमावाल्यांची शोभा, मग पुन्हा माहेर. नात खुर्चीवरून सगळं बघत होती. एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे. तिला मराठी कळत नसली तरी रागावणं चांगलं कळायचं, आणि आजोबा तिच्या वाटची बोलणी खात होते हेही कळत होतं.

आजी आत गेल्यावर पोरगी खुर्चीवरून उतरली, आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या पट्ट्याला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "इ देस्प्वेस?"

"आणि मग पुढे काय, असं विचारतेय," दारातून लेक म्हणाली.

आप्पांनी एकदम ओळखलं. ही गोष्टीची जागा होती. पोरगी मांडी घालून बसली, फोनवर बसली होती तशीच. त्यांनी घसा खाकरला आणि राजाला बाहेर काढलं.

राजा होता, असं काही म्हणता येत नव्हतं. "रेय बिबियो," ते म्हणाले. राजा राहिला. राजाने खाल्लं. राजा चालला. राजाने दार उघडलं. वाघ शिरला. वाघ बोलला. राजा पळाला. राजा रडला. इथवर आप्पा कुठे अडखळले नाहीत. पोरीचे डोळे मोठे होत गेले. मग राजाने वाघाला मारलं. "रेय मातो तिग्रे," आप्पा म्हणाले आणि टाळीच्या अपेक्षेने थांबले.

"इ देस्प्वेस?" पोरगी म्हणाली.

पुढे काय! पुढे वाघ मरायला हवा. पण मरणं अनियमित. आप्पांच्या राज्यात मारता येत होतं, मरता कुणालाच येत नव्हतं. वाघ राजासमोर आडवा पडून वाट बघत होता, पोरगी वाट बघत होती, दारात लेक हसू आवरत उभी होती. आप्पांना नियमात बसणारं जे पहिलं हाताला लागलं ते त्यांनी वाघाला दिलं.

"तिग्रे देस्पेर्तो." वाघ जागा झाला.

पोरगी "आ" करून बघत राहिली. वाघाने पाव खाल्ला. वाघाने तोंड धुतलं. वाघ गायला. राजा गायला. राजा आणि वाघ दोघे नाचले. आप्पांना आता थांबता येईना, कारण थांबण्यासाठी लागणारं क्रियापद घ्यायचं राहिलं होतं. पोरगी हसून हसून फरशीवर लोळायला लागली. अशी गोष्ट तिने जन्मात ऐकली नव्हती. तिकडच्या आजोबांच्या गोष्टीत वाघाला मारलं की वाघ मरायचा, संपलं. इथे वाघ मार खाऊन उठत होता आणि पाव मागवत होता. तिने राजाला वाघ पुन्हा मारायला लावला. वाघ पुन्हा उठला. संध्याकाळपर्यंत वाघ इतक्यांदा मारला गेला की राजाच दमला.

मग तिने काहीतरी विचारलं, त्यात "मान्याना" होतं.

"उद्या पण सांगणार का म्हणतेय," लेक म्हणाली.

आप्पांकडे 'सांगणार' हे रूप नव्हतं. "मान्याना कोन्ते," ते म्हणाले. उद्या सांगितली.

पोरीने क्षणभर विचार केला, आणि तिला ते पटलं. आजोबांच्या घरात असंच बोलतात, असं तिने धरलं. दुसऱ्या दिवशी ताटातली भाजी तिने सरकवून दिली आणि आजीला गंभीरपणे सांगितलं की ती उद्या खाल्ली. आंघोळ उद्या केली. खेळणी उद्या उचलली. लेकीने कपाळाला हात लावला. "आप्पा, हिची भाषा बिघडवून ठेवलीत तुम्ही." आप्पा पट्ट्यातून जमेल तेवढे हसले.

त्या परत गेल्या तेव्हा घर फार रिकामं झालं. आप्पांनी भिंतीवरचे कागद काढले नाहीत, आणि बायकोनेही काढा म्हटलं नाही. नातीकडून कळलेली जारची खरी गोष्ट तिला लेकीने जाताजाता सांगून टाकली होती. ती त्यावर आप्पांना काही बोलली नाही. बाजारातून आप्पांनी दोन बटाटे जास्तीचे आणले तेव्हाही नाही.

पहिल्याच रविवारी फोन वाजला. पडद्यावर लेक, वैतागलेली. "पाळणाघरातून तक्रार आलीय, आप्पा. दूध हवं असलं तर ही म्हणते, मी दूध प्यायले. त्या बाई म्हणतात, मग देऊ कशाला? आणि तिकडचे आजोबा रुसून बसलेत. त्यांनी वाघ मारला की ही सांगते, आता उठवा त्याला. ते म्हणतात मेलेला वाघ उठत नाही. ही म्हणते, माझ्या आब्वेलोचा, म्हणजे तुमचा, उठतो."

तिकडच्या आजोबांच्या पिळदार मिशा आप्पांच्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पडद्यावर एकदम आख्खा गाल आला. पोरीने आईच्या हातातून फोन ओढून घेतला होता. तिने नाक पडद्याला टेकवलं आणि जोर बरोबर शेवटच्या अक्षरावर देत सांगितलं, "आब्वेलो, मान्याना येगेऽ."

आप्पांनी सवयीने तपासलं. कर्ता, मी. काळ, भूत. रूप, नियमित. उद्या मी पोचले.

त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडलं, धुतलेली चादर काढली आणि पलंगावर उलगडायला लागले.

"अहो, काय चाललंय?" बायको दारात येऊन म्हणाली. "तिकीट नाही, सुट्टी नाही. आता पुढच्या वर्षीच येणार त्या."

"पोचली ती," आप्पा म्हणाले. "आत्ताच सांगितलं तिने."

त्यांना खाली नीट वाकता येत नव्हतं, चादर एका बाजूने सारखी निसटत होती. बायको फोन घेऊन आत आली. मग फोन उशीला टेकवून ठेवला, पलंगाच्या पलीकडे गेली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.